जलतरण तलावाचे बांधकाम : गुणवत्ता-परीक्षेचा इतिहास

पोहण्यासाठी अथवा स्नानासाठी पाणी साठविणारे, तळ व भिंती जलरोधक असलेले कृत्रिम कुंड म्हणजे जलतरण तलाव होय. तो सार्वजनिक असेल किंवा घराच्या परसात बांधलेला लहानसा खाजगी असेल. त्याच्या बांधकामाला दुहेरी कार्य करावे लागते. भरलेला असताना आतील पाण्याचा दाब बाहेरच्या दिशेने आणि रिकामा असताना सभोवतालच्या मातीचा व भूजलाचा दाब आतल्या दिशेने त्याला सहन करावा लागतो. इमारतीच्या भिंतीला केसासारखा बारीक तडा गेला, तर तो बहुधा केवळ दृष्टीला खटकतो; तलावाच्या भिंतीतील तेवढाच तडा पाण्याला वाट देतो, आतील सळई गंजवतो आणि पायाखालची माती भिजवून पुढे संपूर्ण बांधकामच धोक्यात आणतो.

या प्रकारच्या बांधकामाचा अंतिम परीक्षक पाणी हाच असतो. परंतु त्याचा निर्णय काम पूर्ण झाल्यानंतर, म्हणजे दुरुस्ती अतिशय कठीण झाल्यानंतर मिळतो. त्यामुळे जलधारक बांधकामांच्या गुणवत्ता-परीक्षेचा इतिहास हा मुख्यतः परीक्षेची वेळ मागे आणण्याचा, म्हणजे दोष झाकला जाण्यापूर्वी तो पाहण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, या इतिहासाचे ठळक टप्पे पाहावयास मिळतात.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : जलरोधक कुंडाचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उदाहरण म्हणजे सिंधू संस्कृतीतील मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह (इ. स. पू. सु. २५००). सु. १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २·४ मी. खोल असलेल्या या कुंडाच्या भाजक्या विटा एकमेकींस अगदी भिडवून जिप्समयुक्त चुन्यात बसविल्या असून त्यांच्यामागे डांबरासारख्या खनिज पदार्थाचा थर दिलेला आढळला. पाणी सोडून देण्यासाठी एका कोपऱ्यात मोरी ठेवलेली होती. एकाच थरावर विसंबून न राहता त्यामागे दुसरा थर द्यावयाचा, हे तत्त्व आजही पाळले जाते.

महाराष्ट्रात पोहणे शिकण्याची जागा म्हणजे पूर्वापार विहीर, बारव किंवा नदीचा डोह. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधून मुलांना विहिरीत सोडण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्वपरिचित होती. विहिरीत पाणी आत येऊ देणे इष्ट असल्याने तिच्या भिंती जलरोधक असण्याची गरज नसते. याउलट हौद, कारंजी व बंधारे यांत पाणी अडवून धरावे लागते. त्यासाठी भिजवलेला चुना, वाळू व विटांची भुकटी घाणीत मळून केलेला दर्जा वापरीत. चुनखडी पुरती भाजली आहे की नाही हे चुना विरवताना कळे. न फुललेले खडे मागे राहिले, तर ते वेचून टाकावे लागत. असे खडे भिंतीत राहिल्यास ते पुढे सावकाश फुलतात व भिंत आतून फोडतात. दर्जा किती वेळ मळला, दगड लावण्यापूर्वी भिजवला होता काय आणि दोन दगडांमधील पोकळी पूर्ण भरली काय, ही त्या काळची गुणवत्ता-परीक्षा होती. ती कारागिराच्या हातात व नजरेत असे. लिखित स्वरूपात क्वचितच असे.

या कौशल्याची उत्तम साक्ष धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या दगडी धरणाच्या पोटात असलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत १६१३ मध्ये उभारला गेला. पावसाळ्यात धरणावरून पाणी कोसळत असताना त्याचा पडदा महालाच्या दर्शनी भागासमोरून खाली जातो आणि आतील माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षे पाण्याने घेतलेल्या परीक्षेत हे काम टिकले आहे. मात्र अशा उदाहरणांवरून त्या काळची सर्वच कामे पक्की होती असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. जी पक्की नव्हती ती आपल्या दृष्टीसमोर उरलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होतो.

काँक्रीटचा उदय : पाण्याखालीही घट्ट होणाऱ्या चुन्याचा पद्धतशीर अभ्यास जॉन स्मीटन (१७२४–९२) या इंग्रज अभियंत्याने एडिस्टन येथील दीपगृहाच्या निमित्ताने १७५६ च्या सुमारास केला. जोसेफ ॲस्पडिन (१७७८–१८५५) यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व मिळविले. सळईने प्रबलित केलेल्या काँक्रीटचा आरंभ एका बागेतच झाला, ही परसातील तलावाच्या संदर्भात लक्षणीय गोष्ट आहे. झोझेफ मॉन्ये (१८२३–१९०६) या फ्रेंच बागवानाने झाडांच्या कुंड्या व पाण्याची भांडी लवकर फुटू नयेत म्हणून त्यांच्या सिमेंटमध्ये लोखंडी जाळी बसविली व १८६७ मध्ये तिचे एकस्व घेतले. कार्ल एकली (१८६४–१९२६) या प्राण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारणाऱ्या अमेरिकन कलावंताने हवेच्या दाबाने सिमेंट-वाळूचे मिश्रण फवारणारे यंत्र तयार केले. त्याचे एकस्व १९११ चे आहे. पुढे याच यंत्राच्या साहाय्याने अमेरिकेत वक्राकार भिंतींचे खाजगी तलाव बांधणे सोपे झाले.

काँक्रीटमुळे बांधकाम जलद व स्वस्त झाले. परंतु गुणवत्ता-परीक्षेचे स्वरूप पालटले. दगडी भिंतीचा प्रत्येक दगड पाहता येत असे. काँक्रीटमध्ये सळई किती, ती कोठे, सिमेंट किती व पाणी किती, यांपैकी काहीच साचा काढल्यावर दिसत नाही. वरून गिलावा व चकाकणाऱ्या फरशा बसविल्या की उत्तम काम आणि निकृष्ट काम सारखेच दिसते. डफ एब्रॅम्स (१८८०–१९६५) यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले, की इतर गोष्टी समान असता काँक्रीटचे बल प्रामुख्याने त्यातील पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. या शोधामुळे परीक्षेचा केंद्रबिंदू तयार भिंतीवरून मिश्रण कालविण्याच्या जागी आला.

महाराष्ट्रातील वाटचाल : पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे नियमित उत्पादन सुरू झाल्यावर पश्चिम भारतात त्याचा प्रसार झाला. काँक्रीटच्या योग्य वापराची माहिती देण्यासाठी मुंबईत १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी इंडियन काँक्रीट जर्नल हे नियतकालिक निघू लागले. भारतीय मानक संस्थेने (स्थापना १९४७, १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) काँक्रीटच्या बांधकामासाठी ‘आयएस ४५६’ ही संहिता १९५३ मध्ये प्रसिद्ध केली आणि द्रव पदार्थ साठविणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी ‘आयएस ३३७०’ ही स्वतंत्र संहिता १९६५ पासून उपलब्ध करून दिली. नासिक येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेमुळे माती व बांधकाम साहित्य यांच्या परीक्षणाची सोय राज्यात झाली.

नियम व प्रयोगशाळा असल्या, तरी त्यांचा उपयोग योग्य वेळी न झाल्यास काय घडते याचा कटू अनुभव महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ रोजी आला. मुठेची उपनदी आंबी हिच्यावरील पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. विमोचकाची कामे अपुरी असतानाच त्या पावसाळ्याचे पाणी धरणात साठले होते आणि विमोचकावरील भराव खचत गेला होता. चौकशीसाठी प्रथम न्या. बावडेकर व नंतर न्या. नाईक यांचे आयोग नेमावे लागले. धरण आणि परसातील तलाव यांच्या आकारमानात तुलना नाही. परंतु दोहोंना लागू पडणारे सूत्र एकच आहे. काम परीक्षेस सिद्ध होण्यापूर्वी त्यात पाणी येऊ देणे, हाच मुळात मोठा दोष होय. शिवाय फुटलेल्या बांधकामाचा पुरावा बहुतांशी पाण्याबरोबरच वाहून जातो.

पुढील दोन दशके सिमेंटच्या टंचाईची होती. सिमेंट नियंत्रित भावाने व परवान्यावर मिळे; त्यामुळे काळा बाजार, भेसळ व मिश्रणात सिमेंट कमी घालण्याची प्रवृत्ती यांना वाव मिळाला. १९८१ मध्ये सिमेंटच्या वाटपावरून राज्याच्या राजकारणात मोठे वादळ उठले. १९८२ मध्ये हे नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठविण्यात आले. सिमेंट मुबलक झाल्याने परवान्याची चिंता संपली; मात्र पोत्यातील सिमेंट ताजे आहे काय व ठरल्याइतके मिश्रणात पडते काय, हे पाहण्याची आवश्यकता संपली नाही.

मराठवाड्याला या बाबतीतील सर्वांत दारुण धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात झालेल्या सु. ६·२ महत्तेच्या भूकंपात सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. येथील माळवदाच्या घरांच्या दगडी भिंती जाड व भक्कम दिसत. पण त्या मातीत रचलेल्या होत्या. आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पडदे, मध्ये दगडगोट्यांची भर आणि दोन्ही पडद्यांना सांधणारे आरपार दगड नाहीत, अशी त्यांची रचना होती. हादऱ्याने दोन्ही पडदे विलग झाले व मातीचे जड छत खाली आले. भिंतीची जाडी ही तिच्या गुणवत्तेची खूण नव्हे, हे त्या पहाटे सिद्ध झाले. नंतरच्या पुनर्वसनात आरपार दगड, काँक्रीटचे आडवे पट्टे व गवंड्यांचे प्रशिक्षण यांवर भर देण्यात आला. दृष्टीआड असलेल्या भागावरच बांधकामाचे आयुष्य अवलंबून असते, ही जाणीव या जिल्ह्याइतकी महाग किंमत देऊन फार थोड्या प्रदेशांना झाली असेल.

परसातील तलाव व आधुनिक परीक्षा : अलीकडच्या काळात शहरांजवळची शेतघरे, निवासी संकुले व तालुक्याच्या गावांतील बंगले यांच्या परसात लहान तलाव बांधले जाऊ लागले आहेत. अशा कामावर बहुधा अभियंता पूर्ण वेळ नसतो व प्रयोगशाळा दूर असते. म्हणून परीक्षेचा क्रम मालकालाही समजणे अगत्याचे ठरते. उदाहरणादाखल धाराशिव जिल्ह्यातील वाशी या तालुक्याच्या गावी ८ मी. लांब, ४ मी. रुंद व १·५ मी. खोल असा तलाव बांधावयाचा आहे असे समजू. त्यात ४८ घ. मी., म्हणजे ४८ टन पाणी मावेल. तळ व भिंती २० सेंमी. जाडीच्या धरल्यास सु. १४ घ. मी. काँक्रीट लागेल.

पहिली परीक्षा जमिनीची. वाशीचा परिसर दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीचा व पर्जन्यछायेचा आहे. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते व पावसाळ्यात पाणी शोषून फुगते; तिच्यावर टेकलेला तळ दरवर्षी वरखाली होऊन तडकू शकतो. त्यामुळे काळी माती काढून मुरमापर्यंत वा कातळापर्यंत जाणे, आवश्यक तेथे मुरूम थराथराने धुम्मस करून भरणे आणि भिंतीमागेही काळी माती न भरणे इष्ट ठरते. अर्धा तळ कातळावर व अर्धा भरावावर अशी स्थिती विशेष घातक असते. भूजलाचाही विचार करावा लागतो. वरील तलावाच्या काँक्रीटचे वजन सु. ३४ टन भरते. पावसाळ्यात भूजल तळापेक्षा सु. १ मी. वर आले, तर रिकाम्या तलावाला वर ढकलणारे बल जवळजवळ तेवढेच होते. म्हणून तळाखाली निचऱ्याची सोय असल्याची खात्री काँक्रीट पडण्यापूर्वीच करून घ्यावी लागते आणि पुढेही भर पावसाळ्यात तलाव रिकामा करणे टाळावे लागते.

दुसरी परीक्षा सळईची. सळईचा व्यास, दोन सळयांमधील अंतर, कोपऱ्यातील वळणे व जोडांची लांबी आराखड्याशी ताडून पाहतात. सळई जमिनीवर पडलेली नसून ठोकळ्यांवर उचललेली असली पाहिजे. जलधारक बांधकामात तिच्यावर सु. ४५ मिमी. काँक्रीटचे आवरण अपेक्षित असते. नळ, दिवे व गाळणयंत्राच्या वाहिन्या भिंतीतून जेथे जातात, तेथेच पुढे गळती होण्याचा संभव अधिक असल्याने त्या जागा याच वेळी तपासतात. तळ व भिंत यांच्या सांध्यात जलरोधक पट्टी बसविली आहे काय हेही याच वेळी पाहावे लागते. काँक्रीट पडल्यानंतर ही परीक्षा पुन्हा घेता येत नाही.

तिसरी परीक्षा काँक्रीटची. २००९ च्या सुधारित संहितेनुसार जलधारक प्रबलित काँक्रीट किमान एम ३० प्रतीचे व त्यातील पाणी-सिमेंट गुणोत्तर ०·४५ पर्यंत मर्यादित असावे लागते. ५० किग्रॅ.च्या पोत्याला याप्रमाणे वाळूतील ओलाव्यासह साडेबावीस लिटर पाणी येते. मिश्रण सहज पसरावे म्हणून कामगाराने त्यात आणखी पाच लिटर पाणी ओतले, तर गुणोत्तर ०·५५ होते. काँक्रीटचे बल घटते आणि जादा पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांतून तलाव झिरपू लागतो. हा बदल ओळखण्यासाठी स्लंप चाचणी वापरतात. ३० सेंमी. उंचीच्या शंक्वाकार भांड्यात ओले काँक्रीट ठासून भरून भांडे वर उचलतात व काँक्रीटचा ढीग किती खाली बसतो ते मोजतात. एकामागून एक मिश्रणांचे माप एकदम वाढले, तर कोठेतरी जादा पाणी पडले असे समजावे.

त्याच काँक्रीटचे १५ सेंमी. बाजूचे घनाकृती ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. आयएस ४५६ नुसार ६ ते १५ घ. मी. काँक्रीटसाठी दोन नमुने व प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे घ्यावे लागतात. शिवाय प्रत्येक पाळीत किमान एक नमुना आवश्यक असतो. म्हणजे वरील तलावाला निदान सहा ठोकळे पुरतात. नैसर्गिक वाळूतील मातीचे प्रमाण वजनाने ३ टक्क्यांहून अधिक नसावे. पारदर्शक बाटलीत वाळू व पाणी हलवून ठेवल्यास वर बसणाऱ्या गाळाच्या थरावरून त्याचा ढोबळ अंदाज येतो. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर सर्वत्र फिरला पाहिजे. अन्यथा खडी उघडी पडून मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळ जागा राहते. ती गिलाव्याने लिंपून टाकणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे, तो लपविणे होय. फवारणीच्या पद्धतीत उसळून खाली पडलेला माल पुन्हा वापरू नये.

चौथी परीक्षा पाणी मारण्याची. सिमेंट व पाणी यांची रासायनिक विक्रिया अनेक दिवस चालते. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान सात व कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असा संकेत आहे. मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत टँकरने पिण्याचे पाणी येत असताना हा नियम पाळणे जड जाते. अशा वेळी गोणपाट व प्लॅस्टिकचे आच्छादन वापरणे किंवा काम हिवाळ्यात करणे हे पाणी मारण्यात काटकसर करण्यापेक्षा श्रेयस्कर होय.

अखेरची परीक्षा पाण्याची. १९६५ च्या संहितेनुसार जमिनीखालील टाकी भरून सात दिवस शोषणासाठी सोडावी व नंतरचे सात दिवस दर २४ तासांनी पातळी नोंदवावी, असे ठरले. झाकलेल्या टाकीच्या बाबतीत या दुसऱ्या सप्ताहात पातळी ४० मिमी.हून अधिक न घटल्यास ती जलरोधक मानली जाई. भिंतीमागील भराव परीक्षा होईपर्यंत थांबवावा, हे विशेष महत्त्वाचे आहे; कारण भराव झाल्यावर ओल कोठून येते ते दिसत नाही. उघड्या तलावातून होणारे बाष्पीभवन वेगळे काढण्यासाठी पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवतात. बादलीतील व तलावातील घट सारखी असेल, तर पाणी हवेत गेले. तलावातील घट अधिक असेल, तर ते जमिनीत गेले. ही परीक्षा गिलावा व फरशा बसविण्यापूर्वी घेणे आवश्यक आहे.

परीक्षेचे सामाजिक अंग : गुणवत्ता-परीक्षा ही केवळ तांत्रिक बाब नाही. पाहणी करणारा व काम करणारा हे एकच असतील, तर परीक्षा नाममात्र उरते. आणि ठेकेदाराचा दर परवडणार नाही इतका उतरविला, तर तुटीची भरपाई बहुधा दृष्टीआड असलेल्या भागातून होते. म्हणून काँक्रीट टाकण्यापूर्वी सळईची पाहणी, तिची छायाचित्रे, सिमेंटच्या पोत्यांची नोंद, ठोकळ्यांवरील तारखा व जलपरीक्षेचे दैनिक आकडे यांची एक वही कामावर ठेवण्याची प्रथा उपयुक्त ठरते. ज्या प्रदेशात पाणी कमी पडते, तेथे गळका तलाव हा केवळ मालकाचा तोटा राहत नाही. दररोज एक सेंमी. गळती झाली, तरी वरील तलावातून दिवसाला ३२० लिटर पाणी नाहीसे होते. नळदुर्गच्या कारागिरांनी जी दक्षता हातांनी व डोळ्यांनी घेतली, तीच आज माप, ठोकळा व नोंदवही यांच्या साहाय्याने घ्यावयाची असते. साधने बदलली, झाकण्यापूर्वी पाहावे, हा नियम मात्र बदललेला नाही.